प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएच्या मागे

फळमाशीच्या वृषणात तयार होणाऱ्या एका आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून पेशीनं उतरवलेल्या प्रतीवर, मी गेली बरीच वर्षं काम करते आहे. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही, आणि तो नसेल तर नर वंध्य निघतो. ही दोन विधानं छातीठोकपणे करता यावीत म्हणून काय काय करावं लागलं, ते इथे सांगते आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं नेहमी विचारतात, ‘तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?’ त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

पीएचडीला आले तेव्हा मला आरएनए हवा होता, माशा नको होत्या. फळमाशीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा पूर्ण मजकूर, 2000 साली प्रसिद्ध झाला होता. प्रथिनांची माहिती असलेली सुमारे 13,600 जनुकं त्यात मोजली गेली होती. पुढे लक्षात आलं की ज्या भागात अशी जनुकं नाहीत, त्यातलाही पुष्कळ डीएनए कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या पेशीत आरएनएमध्ये उतरतो. मग पेशी हा सगळा खटाटोप कशासाठी करते? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मॅडमकडे, माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांकडे, गेले. त्या म्हणाल्या, “आधी माशा शीक. आरएनए कुठे जात नाही.”

माशा शिकणं म्हणजे मुख्यतः व्हर्जिन, म्हणजे अजून मीलन न झालेल्या माद्या, गोळा करणं. 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. कोशातून बाहेर आलेली मादी पहिले आठेक तास नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्या वेळात तिला वेगळं काढलं नाही, तर तिच्या पोटात कुणाचे शुक्राणू आहेत हे सांगता येत नाही आणि मग तो क्रॉस, म्हणजे ठरवून लावलेली जोडी, बाद. म्हणून सकाळी बाटल्या पूर्ण रिकाम्या करायच्या, दुपारी नव्या माशा काढायच्या, संध्याकाळी पुन्हा. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माशा निपचित पडतात. मऊ कुंचल्यानं एकेक उलटून पाहायची. ताजी मादी फिकट असते, पंख नीट उलगडलेले नसतात आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो दिसला की ती नक्की व्हर्जिन. काही महिन्यांनी डोळा इतका तयार होतो की नर-मादी, कुरळा पंख, आखूड केस, डोळ्याचा रंग हे सगळं एका नजरेत कळतं.

कुरळ्या पंखांना फार महत्त्व आहे. ती बॅलन्सर गुणसूत्राची खूण असते. बॅलन्सरमधले तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे त्याची जोडीदार गुणसूत्राशी अदलाबदल टिकत नाही. शिवाय दोन्ही प्रती बॅलन्सरच्या असतील तर माशी जगत नाही किंवा निदान वंध्य निघते. त्यामुळे एखादं घातक म्युटेशनही (जनुकातला बदल) पिढ्यान्पिढ्या जसंच्या तसं सांभाळता येतं. ही कल्पना हर्मन मुलरची, शंभरेक वर्षांपूर्वीची, आणि आजही आमचं पान तिच्याशिवाय हलत नाही. दुसऱ्या प्राण्यांवर काम करणारे मित्र ‘माशीवरच का?’ असं विचारतात, तेव्हा मी आधी बॅलन्सर सांगते आणि मग बाकीचं.

बाकीचंही कमी नाही. माणसाच्या रोगांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत सापडतात. गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. आणि एकमेकांना स्टॉक, म्हणजे जपलेले माशांचे वाण, मोकळेपणानं देण्याची पद्धत तर फळमाशीवर आनुवंशिकतेचा अभ्यास रुजवणाऱ्या थॉमस हंट मॉर्गनच्या काळापासूनची. 1934 सालापासून माशीवाले आपसांत एक माहितीपत्र काढत आले, त्यात कुणाकडे कुठलं म्युटेशन आहे ते छापलेलं असे. आज ब्लूमिंग्टनच्या किंवा व्हिएन्नाच्या स्टॉक सेंटरला मागणी पाठवली की छोट्या नळ्यांतून जिवंत माशा टपालानं येतात. या क्षेत्रात नवख्या माणसालाही दार उघडं मिळतं ते यामुळे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आरएनएनं मला खरं धरलं ते पॉलिटीन गुणसूत्रं करताना. अळीच्या लालाग्रंथीतल्या पेशी विभागत नाहीत, पण डीएनएच्या प्रती काढत राहतात. हजारभर प्रती शेजारी-शेजारी चिकटून राहतात, म्हणून ही गुणसूत्रं साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही जाड, पट्ट्यापट्ट्यांची दिसतात. नळीच्या भिंतीवर चढू लागलेली मोठी अळी घ्यायची. एका चिमट्यानं तोंडाचा काळा आकडा धरायचा, दुसऱ्यानं धड, आणि हलकेच ओढायचं. ग्रंथींची काचेसारखी जोडी बाहेर येते, तिला चिकटलेली पांढरी चरबी सोडवायची. मग अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब, वर कव्हरस्लिप, पेन्सिलच्या मागच्या टोकानं टकटक आणि शेवटी अंगठ्यानं सरळ दाब. कव्हरस्लिप केसभर जरी आडवी सरकली तरी गुणसूत्रं गुंडाळली जातात.

त्या स्लाइडवर मी रॉक्स नावाच्या आरएनएसाठी चमकणारा प्रोब, म्हणजे नेमका त्यालाच जाऊन चिकटणारा तुकडा, लावला होता. नराच्या पेशीत सगळी गुणसूत्रं काळोखी होती आणि एकटं एक्स गुणसूत्र उजळलं होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, टोकापासून टोकापर्यंत. मादीच्या स्लाइडवर काहीच नाही. कारण पुस्तकात वाचलेलं होतं. मादीत दोन एक्स, नरात एकच. म्हणून नराला आपल्या एकुलत्या एक एक्सवरची जनुकं दुपटीच्या जोमानं चालवावी लागतात. हे काम पाच प्रथिनांचा एक गट करतो आणि रॉक्स-1 व रॉक्स-2 हे दोन आरएनए त्या गटाचे घटक आहेत. 1997 साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते प्रसिद्ध केले. एक सुमारे 3,700 न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा, दुसरा जेमतेम 600चा, आणि दोघांच्या अक्षरांत फारसं साम्य नाही. त्यातला एक काढला तर नर ठणठणीत राहतो. दोन्ही काढले तर जवळजवळ सगळे नर मरतात. हे माहीत असूनही, डोळ्यांसमोर एक अख्खं गुणसूत्र आरएनएनं माखलेलं पाहिल्यावर मी किती वेळ तशीच बसले होते कोण जाणे. आरएनए स्वतः जागेवर जाऊन काम करतो याची खात्री मला त्या दिवशी पटली.

रॉक्सच्या आधीची एक गोष्टही नव्या मुलांना मी आवर्जून सांगते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. बनारस हिंदू विद्यापीठातले प्राध्यापक सुभाष लखोटिया 1970 सालापासून माशीच्या गुणसूत्रावरच्या 93डी नावाच्या जागेमागे लागले होते. माशीला उष्णतेचा धक्का बसला की तिथलं गुणसूत्र फुगतं, आरएनए भरपूर तयार होतो, पण त्याला साजेसं प्रथिन सापडत नाही. तोच एचएसआर-ओमेगा. 2000 साली त्यांच्या गटानं दाखवलं की हा आरएनए केंद्रकात ठिपक्यांच्या रूपात राहतो आणि आरएनएवर प्रक्रिया करणारी प्रथिनं त्या ठिपक्यांत एकत्र असतात. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएला फारसं कुणी विचारत नव्हतं त्या काळात एकाच जागेवर इतकी वर्षं टिकून राहणं मला फार मोठं वाटतं.

मी आज ज्याच्यावर काम करते तो आरएनए पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, काळात हाती आला. फळमाशीत असे लांब नॉनकोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणारे, आरएनए अडीच हजारांच्या आसपास नोंदलेले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळसे वृषणात दिसतात. पण वृषणात एरवीही खूप काही आरएनएमध्ये उतरत असतं, त्यामुळे तिथे दिसला म्हणजे उपयोगाचा, असं म्हणता येत नाही. 2016 साली एका गटानं फक्त वृषणात दिसणारे 105 आरएनए एकेक करून क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्रानं काढून टाकले. 33 बाबतींत नरांची प्रजननक्षमता कमी झाली किंवा पार गेली. लोक हा 33 चा आकडा सांगतात. मला उरलेल्या 72 चाही विचार करावासा वाटतो. मी काढलेल्यांपैकीही बहुतेकांमुळे काहीच बिघडलं नाही. असे निकाल छापायला कुणी फारसं उत्सुक नसतं, पण ते वहीत तितक्याच नीट लिहून ठेवावे लागतात. रॉक्सचंच पाहा ना, एकेकटा काढून पाहिला असता तर दोघेही निरुपयोगी ठरले असते.

प्रजननाची चाचणी दिसायला अगदी साधी. एका नळीत एक नर, त्याच्यासोबत तीन व्हर्जिन माद्या. काही दिवसांनी नळी उजेडासमोर धरायची. नर चांगला असेल तर खाद्याचा पृष्ठभाग अळ्यांनी उकरून पार मऊ केलेला असतो. वंध्य असेल तर अंडी दिसतात, पण खाद्य ओतलं तसंच गुळगुळीत. आमच्या म्युटंटच्या, म्हणजे आमचा आरएनए काढून टाकलेल्या नरांच्या, नळ्या ओळीनं गुळगुळीत होत्या. नर माद्यांच्या मागे लागत होते, मीलन होत होतं. मग अडत कुठे होतं?

वृषण काढून पाहायचं. साध्या माशीचं वृषण पिवळं असतं, वेटोळं घातलेली नळी, पटकन दिसते. पण आमच्या माशा पांढऱ्या डोळ्यांच्या, मॉर्गनला 1910 साली सापडलेल्या म्युटेशनच्या वंशातल्या. त्यांच्या वृषणालाही रंग नसतो. बशीखाली काळा कागद ठेवून तिरका उजेड टाकला की ते हाती लागतं. आत शुक्राणूंच्या जुड्या. या माशीचा शुक्राणू पावणेदोन मिलिमीटरहून लांब, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटरच्या शरीरात हा एवढा धागा. 64 शुक्राणू एकाच पिशवीत, एकमेकांना जोडलेले वाढतात. शेवटी अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे 64 शंकू डोक्याकडून शेपटाकडे एका रांगेत सरकतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र आवरण मिळतं. आमच्या म्युटंटमध्ये ही रांग मोडलेली होती. काही शंकू पुढे गेलेले, काही वाटेत अडकलेले, आणि शुक्राणू शेवटपर्यंत सुटे होतच नव्हते.

इथपर्यंत येणं तसं सोपं. खरी मेहनत यापुढे लागते, आणि या विषयाचा गाभाही इथेच आहे. आम्ही काय काढून टाकलं होतं? डीएनएचा एक तुकडा. त्या तुकड्यात आरएनएची माहिती होती हे खरं, पण त्याच तुकड्यात शेजारच्या जनुकाला चालू-बंद करणारी खूणही असू शकते. किंवा तिथे आरएनए तयार होण्याच्या क्रियेनंच शेजारचं जनुक उघडं राहत असेल आणि तयार झालेल्या आरएनएला काही काम नसेलही. किंवा हा आरएनए मुळात नॉनकोडिंग नसेलच. चार शक्यता, आणि चौघींचा परिणाम एकच, गुळगुळीत नळी. बायथोरॅक्स संकुलात, म्हणजे माशीच्या शरीराची घडण ठरवणाऱ्या जनुकांच्या एका गटात, प्रथिन न बनवणारे आरएनए 1980च्या दशकातच सापडले होते. तिथे आरएनएचं काम किती आणि त्याखालच्या डीएनएचं किती, यावर लोक कित्येक वर्षं भांडले. ते सगळं वाचलेलं असल्यामुळे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं की चारही शक्यता एकेक करून तपासल्याशिवाय ‘आरएनए’ हा शब्द शीर्षकात घालायचा नाही.

शेजारची जनुकं मोजली, ती जशीच्या तशी होती. मग डीएनए न काढता, आरएनएच्या सुरुवातीलाच पूर्णविरामाची खूण घातली, म्हणजे सुरुवात होते पण पूर्ण आरएनए बनत नाही. नर वंध्यच. मग आरएनए-इंटरफेरन्सनं, म्हणजे छोट्या आरएनएंकडून नेमका हवा तो आरएनए मोडवून घेण्याच्या पद्धतीनं, फक्त वृषणातल्या बीजपेशींत त्याचं प्रमाण कमी केलं. प्रजनन घटलं, पूर्ण थांबलं नाही, आणि ते अपेक्षितच होतं. या प्रत्येक वेळी आरएनए मोजायचा म्हणजे हातमोजे, वेगळे पिपेट, उरलासुरला डीएनए मोडणाऱ्या डीएनेझची प्रक्रिया, आणि मोजण्यासाठी आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक नळी शेजारी ठेवायचीच. ती नळी कोरी निघाली नाही तर आपण आरएनए म्हणून डीएनएच मोजतो आहोत. माझ्या विद्यार्थ्यांना हे कंट्रोल कंटाळवाणं वाटतं. माझ्या प्रयोगशाळेत त्याच्याशिवाय एकही आलेख भिंतीवर लागत नाही.

निर्णायक प्रयोग मात्र वेगळा. आरएनएचं जनुक त्याच्या मूळ जागेपासून तोडून दुसऱ्याच गुणसूत्रावर ठेवायचं. तिथून तयार झालेल्या आरएनएनं नर बरा झाला, तर शेजार, जागा आणि तिथली क्रिया हे सगळे मुद्दे निकालात निघतात. रॉक्सच्या बाबतीत लोकांनी हेच केलं होतं. त्यासाठी अंडी घातल्यावर तासाभरात, पेशींची आवरणं तयार होण्याआधी, अंड्याच्या मागच्या टोकात काचेच्या बारीक सुईनं डीएनए सोडायचा, कारण तिथेच पुढे बीजपेशी तयार होतात. त्या अंड्यातून आलेल्या माशीचा पुन्हा क्रॉस करायचा आणि पुढच्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या गर्दीत नारिंगी डोळ्याची माशी शोधायची. आपल्या डीएनएला डोळ्याला रंग देणारं जनुक जोडलेलं असतं, त्यामुळे ती दिसली की तिच्यात आपला डीएनए बसलेला आहे. मग बॅलन्सर, मग म्युटंटशी क्रॉस, मग त्याच्या पुढचा क्रॉस.

शेवटी नळ्या उजेडासमोर धरल्या तेव्हा खाद्य उकरलेलं होतं. नुसता आरएनए परत दिल्यानं नर बरे झाले होते. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मी मॅडमना फोन केला. त्या आधी म्हणाल्या, “शाब्बास,” आणि लगेच, “पेप्टाइडचं काय?”

पेप्टाइड म्हणजे अगदी छोटं प्रथिन. तो प्रश्न लेखाच्या परीक्षकांनीही विचारलाच. विचारायलाच हवा होता. माशीत टार्सल-लेस किंवा पॉलिश्ड राइस या नावाचं एक जनुक आहे. त्याचा आरएनए आधी नॉनकोडिंग समजला जात होता. 2007 साली कळलं की त्यातून अवघ्या 11 अमिनो आम्लांची पेप्टाइड तयार होतात आणि पायांची घडण त्यांच्यावर अवलंबून असते. ती इतकी छोटी की जनुकं शोधणारे प्रोग्राम त्यांच्याकडे बघतही नव्हते. आमच्या आरएनएतही पेप्टाइड होऊ शकतील असे छोटे पट्टे होते. मग दुहेरी कसोटी लावली. एका प्रतीत त्या पट्ट्यांची सुरुवातीची सगळी अक्षरं बदलली, म्हणजे पेप्टाइड बनणं अशक्य. नर बरा झाला. दुसऱ्या प्रतीत पेप्टाइड तेच ठेवून त्याखालची अक्षरं शक्य तितकी बदलली, म्हणजे आरएनएची घडण मोडली. नर वंध्य राहिला. हे दोन्ही निकाल एकाच चित्रात शेजारी-शेजारी छापलेले आहेत आणि माझ्या सगळ्या कामात ते चित्र मला सर्वांत प्रिय आहे.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि नोकरीचं गणित त्या वेळेच्या हिशेबात बसत नाही. पोस्टडॉकची मुदत ठरावीक असते, माशीच्या पिढ्यांना ती माहीत नसते. एकदा तर लेख एका नियतकालिकाकडे इतके दिवस पडून राहिला की तेवढ्यात माझी मुदत संपत आली. मुलाखतींत हमखास प्रश्न येई, ‘याचा उपयोग काय?’ मी तेव्हाही खरं तेच सांगायची आणि आजही अनुदानाच्या अर्जात तेच लिहिते. या एका आरएनएवरून औषध निघेल असं मी म्हणत नाही. पण लिन-4 हा छोटासा आरएनए 1993 साली एका सूत्रकृमीत सापडला तेव्हा तोही कृमीपुरताच मानला गेला होता. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना 2024चं नोबेल मिळालं. आरएनए-इंटरफेरन्सही कृमींतच उलगडलं आणि त्यावर आधारलेलं पहिलं औषध 2018 साली मंजूर झालं. ही साखळी आधीपासून कुणाला दिसत नव्हती. मूलभूत काम करणाऱ्यानं आपलं टोक पक्कं करावं, एवढंच आपल्या हातात असतं असं मला वाटतं.

स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तेव्हा पहिलं सामान म्हणून माशांच्या नळ्या आल्या, प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती, वेगवेगळ्या खोक्यांत. एका खोक्यात किडे लागले किंवा इन्क्युबेटर तापला तरी दुसरी प्रत राहते. नवा विद्यार्थी आला की मीही त्याला आधी माशाच शिकवते. विषय निवडताना एकच गोष्ट पाहायला सांगते, की प्रयोगाचं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, दोन्ही वेळा काहीतरी कळलं पाहिजे.

सध्याचं काम त्याच धर्तीचं आहे. सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या माशांतही रॉक्स सापडतो. अक्षरं खूप बदललेली, पण आरएनएच्या घडीतली काही छोटी वळणं टिकलेली, आणि तो कामही करतो. आमच्या आरएनएचा जवळच्या जातीतला भाऊ सहज ओळखू येतो. ड्रोसोफिला व्हिरिलिस या दूरच्या जातीत त्याच जागी वृषणात एक आरएनए तयार होतो, पण अक्षरं जुळवून पाहिली तर काहीच जुळत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं तो व्हिरिलिसचा आरएनए आमच्या म्युटंटमध्ये घातला आहे. नारिंगी डोळ्याच्या माशा मिळाल्या, आता बॅलन्सरचा क्रॉस चालू आहे. ते नर बरे झाले तर साम्य अक्षरांऐवजी वळणांत शोधायचं आणि त्या वळणांना कोणतं प्रथिन धरतं ते पाहायचं. बरे झाले नाहीत, तर व्हिरिलिसमध्ये शंकूंची रांग कोण सांभाळतं, हा तिच्या पीएचडीचा पुढचा भाग असेल.